कोपऱ्यातले तीन टाके

हे मी कुणाला बोललेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरींना तर नाहीच नाही. आज सकाळपासून तीनदा मशीनवर बसले आणि तीनदा उठले. पाय पायडलवर हलतोय आणि सुईखाली कापडच नाही, असं चाललंय. म्हटलं, आता बोलूनच टाकावं. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. म्हणूनच बहुतेक तुम्हाला सांगता येतंय.

मी रोह्याची, शिंप्याची पोर. सिनेमाच्या आणि मालिकांच्या कपडेपटात अठ्ठावीस वर्षं काढली. तुम्हाला पडद्यावर एखादी गरीब बाई दिसते ना, विटलेलं लुगडं, खांद्यावर उसवलेली चोळी — ते सगळं दुकानातून करकरीत नवं येतं आणि आमच्यासारखीच्या हातून जुनं होतं. चहाच्या पाण्यात उकळायचं, दगडावर घासायचं, कोपरापाशी पॉलिश पेपर मारायचा, चुलीच्या धुरावर धरायचं. त्यात माझं नाव आहे. कापड जुनं करायचंय? कुंदाताईंना बोलवा. एकदा एका मोठ्या नटीनं माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, की तुमच्या हातात जादू आहे. मी तो हात असा झटकन काढून घेतला की ती बिचारी ओशाळली. तिला काय माहीत, या हातानं पहिलं कापड कुठलं जुनं केलं ते?

थांबा. सरळ नाही सांगता येणार मला. जरा वळसा घेऊन येते.

मी बावीस वर्षांची होते. वडिलांच्या दुकानात ब्लाउज शिवत होते आणि अख्ख्या रोह्यात माझ्याइतकी बाही कुणाला बसवता येत नाही, असा मला तोरा होता. तेव्हा पेणला सिनेमाचं युनिट आलं. खाडीकडच्या मिठागरात काम करणाऱ्या माणसांची गोष्ट होती. त्यांना महिनाभर शिवणारी कुणीतरी हवी होती. वडिलांच्या ओळखीनं मी गेले. पेणला आतेकडे राहायचं, दिवसभर काम करायचं. कपडेपटाला जागा दिली होती एका गणपतीच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये. एका बाजूला आमचे कपडे दोरीवर, दुसऱ्या बाजूला रंग न लावलेले, डोळे न आखलेले गणपती ओळीनं बसलेले. सगळीकडे पांढरी भुकटी. मला तर स्वर्गात आल्यासारखं झालं होतं, खोटं कशाला बोलू?

कपडेपटाच्या मुख्य होत्या मुंबईच्या एक बाई. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. कमी बोलायच्या, कपड्याकडे बघायच्या तेव्हा डोळे बारीक करायच्या. आणि वसंतदादा — ड्रेसदादा. कपडे सांभाळणारे, इस्त्री करणारे, नटांना वेळेवर चढवणारे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. गावातून मागून आणलेल्या कपड्याला सुई लावायची नाही, खूणसुद्धा करायची नाही. त्याला पिनेनं चिठ्ठी लावायची आणि ती चिठ्ठी परत देईपर्यंत काढायची नाही. आपण केलेले डबल, म्हणजे हुबेहूब नकला, वेगळे, लोकांचं वेगळं. बस, एवढाच नियम. शाळेतल्या मुलालाही पाळता येईल असा.

तर सिनेमात एक लग्न होतं. आणि या खाडीकडच्या आगरी लोकांत लग्न लावते धवलारीण. ती बाई गाणी म्हणते, धवले म्हणतात त्यांना, आणि त्या धवल्यांनीच हळदीपासून सगळे विधी होतात. पेणच्या पुढे गडब गावाला उतरून खाडीच्या बाजूला बांधाबांधानं आत गेलं की एक गाव लागतं. नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथे चांगूबाय होती, पन्नाशीची धवलारीण. काळीसावळी, काटक, दातांना मिश्री, आणि आवाज असा, की म्हणायला लागली की ओसरीवरची माणसं बोलायची थांबायची. मॅडमनी मला तिच्याकडे पाठवलं. नटीला गुडघ्यापर्यंतचं आगरी पद्धतीचं लुगडं कसं नेसायचं ते तिनं शिकवावं, आणि तिचं लग्नातलं लुगडं नमुन्याला द्यावं, एवढं काम.

ती देईना. बाकीचं काहीही न्या म्हणाली, ते नाही. गर्द हिरवं, किरमिजी काठाचं, हातमागाचं जाड लुगडं. तिला ते तिच्या गुरुआईनं दिलेलं, गुरुआईला तिच्या गुरुआईनं. ज्या दिवशी ते हातात येतं त्या दिवशी नव्या धवलारणीनं पदराच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. तीन टाके होते. पहिला विटून गुलाबी पडलेला, तिरपा. दुसरा दुहेरी दोऱ्याचा, जाडा. तिसरा तिचा स्वतःचा — चिमुकला, आणि गाठ उलट्या बाजूला मारायची ती वरच राहिलेली. तेव्हा तिचा हात थरथरत होता म्हणे, सुई बोटात गेली होती. हे सगळं तिनं मला दाखवलं, बोट ठेवून. मला दाखवलं हो. दुसऱ्या कुणाला नाही.

मग मी काय केलं? मी लाडीगोडी लावली. मावशी, मी काय परकी आहे का, शिंप्याची पोर, कापडाची किंमत मला नाही कळणार तर कुणाला? माझ्या जिवावर द्या. ‘माझ्या जिवावर’ — हेच शब्द. तिनं दिलं. वर सिनेमातल्या लग्नात दोन ओळी धवला म्हणायलाही मीच तिला तयार केलं. खोट्या नवरा-नवरीसमोर धवला म्हणू नये असं तिचं म्हणणं होतं. मी हसून म्हटलं होतं, त्यात काय होतंय? आणि ती आली, कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, डोळे मिटून म्हटलं तिनं.

आता येतेच त्या दुपारी. पाणी पिऊन आले. उगाच.

त्या लुगड्यावरून आम्ही तीन डबल करून घेतली होती. एक नटीला लग्नात नेसायला. एक पुढच्या प्रसंगासाठी, म्हणजे ती बाई खाडीत वाहून जाते आणि चिखलात तिचं अर्धं लुगडं सापडतं, त्यासाठी. आणि एक जादा. त्यातलं दुसरं मी एकटीनं जुनं केलं होतं. चार दिवस. चहा, खाडीचं पाणी, राख, ऊन. हळदीचे डाग कुठे पडतात, कमरेशी कुठे विरतं, सगळं खऱ्याकडे बघून बघून. आणि झालं तेव्हा मला राहवलं नाही. मी खऱ्या लुगड्याची चिठ्ठी काढली, पिन काढली, तीन टाके असलेला कोपरा आत दुमडला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि मॅडमना बोलावलं. म्हटलं, ओळखा.

मॅडमनी डोळे बारीक केले, वाकल्या, काठ बघितला, आणि चुकल्या. माझ्याच डबलवर बोट ठेवून ‘हे खरं’ म्हणाल्या! वसंतदादाही चुकले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच विचारलं, मुंबईला येशील का कामाला? तुम्ही समजू शकता मला काय झालं असेल. नाहीतर रोह्याच्या दुकानात आयुष्यभर बाह्याच बसवायच्या होत्या मला. मी दोन्ही लुगडी दोरीवर टाकली, शेजारी शेजारी. चिठ्ठी माझ्या मुठीतच होती. मी ती परत लावली नाही.

तेवढ्यात खाडीवरून माणूस धावत आला. उजेड जाईल, चिखलातलं लुगडं ताबडतोब द्या. मी दोरीवरून ओढलं, पिंपातल्या खाऱ्या पाण्यात बुचकळलं, कात्री घेतली. मधोमध कापायचं होतं आणि कडा फाडायच्या होत्या. तोंडानं माझं सुरूच, मुंबईत कुठे राहायचं, आतेच्या नणंदेकडे जमेल का. आणि कात्री जड गेली.

इथे मी नेहमी थांबते. मनात सांगतानासुद्धा इथेच थांबते.

कात्री जड गेली. डबल गिरणीच्या सुताचं होतं, त्यात कात्री सरसर जाते. हातमागाच्या जाड सुतात ती अडते, कुरकुरते. शिंप्याच्या पोरीला हे शिकवावं लागत नाही. वीतभर कापलं होतं तेव्हाच माझ्या हाताला कळलं होतं. वीतभर तर शिवता आलं असतं! पण दारात माणूस उभा, मॅडम घड्याळ बघतायत, आणि मी ‘थांबा, चुकलं’ म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की चिठ्ठी मी काढली, कौतुक करून घ्यायला. मी कात्री पुढे ढकलली. शेवटपर्यंत. आजवर कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, घाईत चूक झाली. चूक वीतभरच होती. पुढचं मी केलं.

पदराकडचा अर्धा भाग माझ्या हातात राहिला, तीन टाक्यांसकट. दुसरा चिखलात गेला. सिनेमात तो दिसतो, क्षणभरच. गढूळ पाण्यात हिरवं काहीतरी हलतं. लोकांना ते दृश्य फार आवडलं म्हणे.

मग पुढचे दोन दिवस मी दोरीवर उरलेल्या माझ्या डबलवर काम करत बसले. दुपारी सगळे खाडीवर गेले की शेडमध्ये मी आणि ते डोळे नसलेले गणपती. सगळं जुळत होतं, फक्त टाके नव्हते. मी ते घातले. पहिला तिरपा, दोरा आधी उन्हात आणि चुन्यात विटवून. दुसरा दुहेरी. आणि तिसरा चिमुकला, मुद्दाम हात कापवत, गाठ वर ठेवून. तीन बायकांचे तीन हात मी एका दुपारी खोटे केले. आणि सांगू का, ते करताना मला मजा आली. भीती होती, पण बोटं खूश होती. आपल्याला जमतंय याची खुशी. याची मला जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही.

परत द्यायला मीच गेले. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवता आलं असतं, पण मला बघायचं होतं, पचतंय का. चांगूबाय ओटीवर सुके बोंबील निवडत होती. हात धुतले, पुसले, लुगडं घेतलं. उलगडलं नाही. नुसतं दोन्ही हातांवर धरलं, तान्हं पोर धरतात तसं.

“हलका लागतंय गो,” ती म्हणाली.

“धुऊन घेतलंय ना मावशी,” मी म्हटलं. “इतक्या वर्षांचा मळ गेला.”

तिनं माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही, तेच तर! लाजल्यासारखं. शिकलेल्या पोरीसमोर आपलं मळकं कापड गेलं म्हणून ती लाजली. कोपरा शोधला, तीन टाक्यांवरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि मला चहा केला. मी तो प्यायले.

मी मुंबईला गेले. पुढचं सगळं तुम्हाला वाटतं तसंच झालं. काम मिळत गेलं, नाव होत गेलं. दोन-तीन वर्षांनी चांगूबायच्या पुतण्याच्या लग्नाचं बोलावणं आलं. तिनं आठवणीनं पाठवलं होतं, रोह्याला, वडिलांच्या दुकानावर. गेले. मांडवात हळद चाललेली आणि धवले म्हणत होती दुसऱ्याच गावची एक बाई, चाचपडत, मध्येच अडत. चांगूबाय मागे पाण्याच्या पिंपाशी बसलेली. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, मावशी, तुम्ही का नाही?

तिनं खालच्या आवाजात सांगितलं. ते लुगडं नेसून ती एका लग्नाला गेली होती आणि मधेच धवला विसरली. जन्मात कधी विसरली नव्हती. पुन्हा एकदा गेली, पुन्हा तसंच.

“लुगऱ्याचा काय चुकला नाय,” ती म्हणाली. “मीच खोट्या लग्नान धवला गायला. तवापासून ता माज्यावर रुसलाय. अंगावर बसतच नाय गो.”

तर तिला कळलं होतं! अंगाला कळलं होतं की हे ते नव्हे. माझ्या हाताला कळलं तसंच. पण मी तिला सांगितलं होतं की तेच आहे, आणि शिंप्याच्या पोरीचा शब्द तिनं खरा धरला, म्हणून उरलं कोण चुकायला? ती स्वतः. माझ्याकडे तिथे एक वाक्य होतं. ‘मावशी, ते लुगडं तुमचं नव्हे.’ बस. ती मला शिव्या घालती, गाव मला हाकलून देतं, पण ती उठून मांडवात गेली असती आणि गायली असती, कुठल्याही लुगड्यात. मी ते वाक्य बोलले नाही. मी म्हटलं, असं काही नसतं मावशी, मनाला लावून घेऊ नका. पंगतीला बसले. वांग्याची भाजी चांगली झाली होती, हेसुद्धा लक्षात आहे.

ती पुढे पंचवीस वर्षं जगली. एकदाही गायली नाही. ते लुगडं कुणाला दिलंही नाही. रुसलेली वस्तू दुसरीच्या अंगावर कशी घालायची, म्हणायची. या पंचवीस वर्षांत मी गडबवरून किती वेळा गेले असेन? रोहा-मुंबई, मुंबई-रोहा, त्याच रस्त्यानं. गडब आलं की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायची, थेट ते मागे पडेपर्यंत.

आता काम सोडून रोह्यालाच आहे. गेल्या आठवड्यात एक पोर दारात आली. चांगूबायची नात, सुरेखा. नागोठण्याला एका कंपनीत कामाला जाते, शिफ्ट सांभाळून लग्नात धवले म्हणते. आजी आपण गायची नाही, पण हिला सगळे धवले सांगितले, वहीत उतरवून घ्यायला लावले. आजीला जाऊन वर्ष झालं. पोरीनं पिशवीतून लुगडं काढलं. माझं. माझ्या चहाचा रंग, माझी राख. काठ एका ठिकाणी सुटला होता.

म्हणाली, “आजी सांगून गेली, कुंदामावशीला दाखव. तिच्याएवढं ह्या लुगड्याचं कुणाला माहीत नाय.”

मी काठ शिवून दिला. हात कापत होते, या वेळी खरेच. पोर मान वाकवून बघत होती. मग तिनं कोपरा उलगडला, तीन टाक्यांवर बोट ठेवलं, मला सगळी हकिकत सांगितली, पहिला कुणाचा, दुसरा कुणाचा, तिसऱ्याची गाठ वर का. मी ऐकून घेतली.

“चौथा मी घालू का, मावशी?” तिनं विचारलं. “आजी नाय म्हणायची. रुसलंय म्हणायची. पण तुम्ही सांगा. घातला तर चालंल?”

माझा बटणांचा पत्र्याचा डबा मशीनवरच होता. त्यात तळाशी एक हिरवी चिंधी आहे, तळहाताएवढी. त्या अर्ध्या भागातला कोपरा. तीन टाके, तीन बायकांचे. इतकी वर्षं मी ती टाकली नाही आणि कुणाला दाखवली नाही. लाल दोऱ्याची गुंडीही त्याच डब्यात असते. मी डबा उघडला. चिंधी दिसली. दोरा काढला. डबा बंद केला.

“घाल,” मी म्हटलं, आणि सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिला.

तिनं टाका घातला, माझ्या तीन टाक्यांच्या शेजारी. जरासा वाकडा पडला, पण खरा. मग लुगडं कपाळाला लावलं, घडी केली, पिशवीत ठेवली. आणि जाताना वाकून माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.